अर्धा वजा

"तीन नंबरच्या टेबलावर बसवलं तर अर्धा वजा करायला विसरू नगंस हं, छाये," पद्मा म्हणाली आणि शेंगदाण्याचा लाडू मोडून अर्धा माझ्या हातावर ठेवला.

"न्हाई विसरत," मी म्हटलं.

एसटी खडखडत चालली होती आणि खिडकीतून मार्चची धूळ आत येत होती. मी मागच्या गावाहून बसायचे, पद्मा चार थांबे पुढे चढायची. दीड वर्ष मी तिच्यासाठी जागा धरली होती. त्या सकाळीही धरली. मांडीवर पिशवी, पिशवीत कंपास आणि लॉग टेबल. ते परीक्षेत कुणी विचारणार नव्हतं, पण पद्माने सांगितलं होतं म्हणून घेतलं होतं.

"आन माझा बारका स्क्रूड्रायव्हर कालपासनं तुझ्याकडंच हाय," ती म्हणाली.

"देते की. पिशवीत तळाला गेलाय."

"राहू दे. संध्याकाळी दे."

मग तिने डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत सूत्रं म्हणायला लागली. आमच्या पुढच्या बाकावरच्या म्हातारीला वाटलं पोरगी स्तोत्र म्हणतेय. ती मागे वळून कौतुकाने बघत राहिली. मला हसू आलं. पद्माला तेव्हा हसायचं सुचत नव्हतं, आणि त्याला कारण होतं.

सत्याऐंशी सालची गोष्ट. आमच्या आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडला एकवीस मुलगे आणि आम्ही दोघी. छाया दुधाळ म्हणजे मी, आणि पद्मा मगदूम. दोघींत एक स्टूल, दोघींत एक रबरी हातमोज्यांचा जोड. मुलींच्या संडासाची किल्ली प्राचार्यांच्या टेबलात असायची, ती मागायला दोघींनी मिळून जायचं. अशाने मैत्री होणारच, दुसरा इलाज नसतो.

त्या दिवशी पंपाच्या एका कंपनीचे इंजिनियर सबनीस साहेब येणार होते. अप्रेंटिस म्हणून मुलगे आठ घेणार आणि मुलगी एक. एकच. मुलींची परीक्षा सकाळी, मुलांची दुपारी.

पद्माचे वडील दुसऱ्याच्या पिठाच्या गिरणीवर कामाला होते. पद्मा थोरली, पाठीवर दोन बहिणी. अथणीकडचा एक बिजवर सांगून आला होता. वय अडतीस, पदरात दोन पोरं, स्वतःची गिरणी. पद्मा अठरा वर्षांची. तिच्या आप्पांनी सरळ हिशेब घातला होता. "कंपनीचं पत्र आलं तर मी तोंड मिटून बसतो. न्हाई आलं तर अक्षय्यतृतीयेला अक्षता." हे मला पद्मानेच सांगितलं होतं, संडासाची किल्ली परत करायला जाताना. सांगताना रडली नाही. म्हणाली, "मला त्याचं वय चालंल गं. पर त्यानं बायकूला मारून घातलीया म्हणत्यात. खरंखोटं देव जाणे."

म्हणजे मला सगळं ठाऊक होतं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे कुणी म्हणेल की पोरवय होतं, कळत नव्हतं.

आमचे निदेशक कणसे सर. माणूस हुशार, पण सरकारी. प्रयोगशाळेत पाच टेबलं. तिसऱ्या टेबलावर लाकडी पाटीवर एक व्होल्टमीटर, एक अँमीटर आणि पोर्सेलीनच्या नळकांड्यावर गुंडाळलेली हीटरची कॉइल. कॉइल सर दर वेळी वेगळी लावायचे, म्हणून उत्तर कुणाला पाठ नसायचं. प्रयोग अगदी बाळबोध. कॉइलला करंट सोडायचा, व्होल्टेज किती ते वाचायचं, करंट किती ते वाचायचं. व्होल्टेजला करंटने भागलं की रेझिस्टन्स. दोन्हींचा गुणाकार केला की पॉवर, म्हणजे किती वॅट ते. पहिल्या महिन्यात माझ्या डोक्यात हे शिरत नव्हतं. कशाला कशाने भागायचं, दर वेळी उलटं व्हायचं. पद्माने माझ्या तळहातावर बॉलपेनने त्रिकोण काढला. वरच्या टोकाला व्होल्ट, खाली एका बाजूला करंट, दुसऱ्या बाजूला रेझिस्टन्स.

"ज्याचं उत्तर पायजे त्याच्यावर बोट ठेव," ती म्हणाली. "उरलेलं काय दिसतंय?"

"वर व्होल्ट, खाली करंट."

"मग भाग की. एवढंच हाय. कुणाला सांगू नगं, न्हाईतर कणसे सरांची नोकरी जाईल."

आठवडाभर तो त्रिकोण मी हातावरून पुसू दिला नाही. भाकरी डाव्या हाताने थापली आणि आईचं बोलणं खाल्लं.

तर तिसऱ्या टेबलाचा अँमीटर. तो खोटा होता. करंट नसताना त्याचा काटा शून्यावर यायचा नाही, अर्ध्यावर बसायचा. म्हणजे तीन दाखवला की खरा अडीच. कणसे सरांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, "तीन नंबर, अर्धा वजा." दुरुस्तीला पाठवायचा तर मुंबईपर्यंत कागद हलवावे लागले असते, आणि एवढी वर्षं का नाही पाठवला म्हणून वरून विचारणा झाली असती. म्हणून रजिस्टरला सगळे मीटर "चालू स्थितीत". वहीतही वजाबाकी दाखवायची नाही, तपासणीला अडचण येते. मनात करायची आणि खरा आकडा लिहायचा. तेवीस जणांना ती सवय इतकी लागली होती की देवळात शिरताना चप्पल काढावी तसा तिसऱ्या टेबलाशी आम्ही अर्धा काढून ठेवायचो. एकदा एका पोराने परस्पर मीटर उघडायला घेतला तर सरांनी त्याला दोन दिवस व्हरांड्यात उभा केला.

वर आणखी एक गोष्ट. आमच्याकडे खंडेनवमीला सगळ्या हत्यारांची पूजा व्हायची. पक्कड, ड्रिल मशीन, मोटार, मीटर, सगळ्यांना हळदकुंकू. कणसे सर कुंकू पाण्यात कालवून चांगला जाड टिळा लावायचे. आदल्या वर्षी कुणी तरी दुसऱ्या दिवशीच टिळे पुसले आणि त्याच आठवड्यात एका पोराला शॉक बसला. तेव्हापासून सरांचा नियम, देवाचा टिळा पुसायचा नाही, आपोआप जाईल तेव्हा जाईल. तीन नंबरच्या मीटरचा टिळा काचेवर बरोबर शून्यापासून एकपर्यंत बसला होता आणि त्याचा एक ओघळ खालच्या बारीक पितळी स्क्रूत जाऊन सुकला होता. पाच महिने झाले तरी हललेला नव्हता. काटा कुंकवाच्या मागे कुठे बसलाय ते दिसायचं नाही. बघायची गरजही नव्हती. तो अर्ध्यावर असतो हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आम्ही पोचलो तेव्हा सबनीस साहेब आले होते. पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, बोलणं मोजकं. कणसे सर त्यांच्या मागे-मागे हात बांधून चालत होते. मुलगे बाहेर चिंचेखाली थांबले होते. आम्हा दोघींना आत घेतलं.

"पहिल्या सहामाहीत पहिली कोण?" साहेबांनी विचारलं.

"मगदूम, साहेब. मुलांच्या पण पुढं आहे," सर म्हणाले.

"मग तिच्यापासून सुरू करू. तू बस त्या बाकावर."

मी बाकावर बसले. तिथून तीन नंबरचं टेबल सरळ समोर दिसत होतं.

आधी त्यांनी तिला तोंडी विचारलं. फ्यूज कशासाठी, अर्थिंग कशासाठी, जळालेल्या वाइंडिंगचा वास कसा येतो. शेवटच्या प्रश्नाला पद्मा म्हणाली, "गिरणीत आमच्या आप्पांच्या अंगाला येतो तसा." साहेब हसले. तो माणूस त्या वेळी तिच्यावर खूश होता. मी बाकाची कड हाताने धरून बसले होते.

मग तिसरं टेबल. साहेबांनी कागद दिला. "ही कॉइल. किती ओहमची आणि किती वॅट घेते ते काढ. व्होल्टेज मी लावतो." त्यांनी व्होल्टेज कमी-जास्त करायच्या खोक्याची मूठ फिरवून व्होल्टमीटरचा काटा दोनशेवर आणला. कॉइल तापायला लागली, धुळीचा करपट वास सुटला. पद्माने अँमीटर वाचला. सवयीने काचेवर नखाने दोनदा टकटक केलं, काटा अडकला असेल तर सुटावा म्हणून. काटा अडीचवर स्थिर होता.

तिने लिहिलं. तिचा हात जराही थांबला नाही.

साहेबांनी कागद घेतला, वाचला, मीटरकडे बघितलं, परत कागदाकडे बघितलं.

"करंट किती लिहिलास?"

"दोन अँपियर."

"रेझिस्टन्स?"

"दोनशे भागिले दोन. शंभर ओहम. पॉवर दोनशे गुणिले दोन, चारशे वॅट."

"मीटर किती दाखवतोय?"

"अडीच, साहेब."

"मग दोन का लिहिलंस?"

"हा मीटर अर्धा जास्ती दाखवतो," पद्मा म्हणाली. आवाजात भीती नव्हती. उलट माहीत असलेलं सांगायला मिळालं याचा आनंद होता. "आमी तीन नंबरला नेहमी अर्धा वजा करतो."

साहेबांनी मान वळवली. "कणसे, मीटर नादुरुस्त आहे?"

कणसे सरांच्या हातात खडू होता. ते खडूकडे बघत म्हणाले, "रजिस्टरला सगळे मीटर चालू आहेत, साहेब."

"रजिस्टर राहू दे." साहेबांनी स्विच बंद केला. वाकून मीटर बघितला. "हा टिळा कसला?"

"खंडेनवमीचा."

साहेबांनी खिशातून रुमाल काढला, टेबलावरच्या तांब्यातलं पाणी त्याच्या टोकाला लावलं आणि काच पुसली. एका पुसण्यात जाईना. दोनदा, तीनदा चोळली. रुमाल लाल झाला.

काटा शून्यावर होता. अगदी रेघेवर.

पद्मा पुढे झाली. तिने खाली वाकून डोळा काचेला लावला. नखाने टकटक केलं. परत केलं. काटा जागचा हलला नाही. ती सरळ उभी राहिली.

"हा शून्यावर नसतो," ती म्हणाली. "साहेब, हा शून्यावर कधीच नसतो."

"माझ्या डोळ्यांसमोर आहे."

"व्हय, आता हाय. पर…"

"मुली, ऐक." साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "दोनशेला अडीचने भागलं की ऐंशी येतात. पॉवर पाचशे वॅट. हे उत्तर चुकलं असतं तरी मी तुला घेतलं असतं. भागाकार शिकवता येतो. पण तू अडीच बघितलंस आणि दोन लिहिलंस. शंभर हे उत्तर गोल दिसतं म्हणून?"

"न्हाई साहेब! देवाशपथ न्हाई!"

"आमच्याकडे मोटार तपासून तिच्यावर सही करावी लागते. त्या सहीवर विश्वास ठेवून कुणी तरी विहिरीत उतरतो. चूक चालते. खोटं वाचन चालत नाही."

पद्मा कणसे सरांकडे वळली. "सर, तुमीच सांगितलंया न्हवं का? पहिल्या दिवसापासनं? तीन नंबर, अर्धा वजा?"

सरांना पेन्शनीला सहा वर्षं राहिली होती. मीटर खोटा होता म्हणावं तर रजिस्टरवर सही त्यांची, आणि मीटर तर समोर शून्यावर धडधडीत खरा उभा. तो कसा खरा झाला हे त्यांनाही कळत नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "मी असं कशाला सांगेन? मीटर दाखवतो तेच वाचायचं हे पहिल्या धड्यात शिकवलंय मी, साहेब."

"सर…"

"मगदूम, उगीच वाद घालू नको."

तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं. ती नजर मी विसरलेले नाही. त्यात राग नव्हता, काकुळतीही नव्हती. सुटल्यासारखी बघत होती. छाया आहे की, छाया सांगेल.

"छाये, तू सांग. तू बी वजा करतीस न्हवं?"

साहेब माझ्याकडे वळले. "काय गं? तुम्ही अर्धा वजा करता?"

बाहेर चिंचेखाली एकवीस पोरं उभी होती. त्यांतल्या एकाला जरी आत बोलावून विचारलं असतं तरी खरं बाहेर आलं असतं. पद्माला ते सुचलं नाही. मला सुचलं होतं.

मी बाकावरून उठले. आमच्या घरात कुणी बोलत नाही तसं शुद्ध बोलले. "नाही साहेब. मी दिसतं तेच लिहिते."

पद्माने हातातलं पेन टेबलावर नीट आडवं ठेवलं, ते घरंगळायला लागलं तशी त्याला कागदाचा टेकू दिला, आणि ती बाहेर गेली.

मग माझी पाळी. साहेबांनी व्होल्टेज परत दोनशेवर आणलं. मी अडीच वाचले, अडीच लिहिले. ऐंशी ओहम, पाचशे वॅट. तोंडी परीक्षेत दोन प्रश्न चुकले. साहेबांनी ते सोडून दिले. कणसे सरांना म्हणाले, "हिचं नाव लिहा."

मला आनंद झाला. लपवत नाही.

आता आदल्या दिवसाचं सांगते.

आदल्या दिवशी दुपारी सरांनी आम्हाला प्रयोगशाळा झाडायला लावली. पद्माने कोपऱ्यातली जळमटं काढली, मी टेबलं पुसली. सर खुर्चीत बसून रजिस्टर पुरं करत होते. मी जवळून जाताना म्हणाले, "दुधाळ, उद्या मनाला लावून घेऊ नको हां. ती जागा मगदूमचीच आहे. तुझं काय, वडील एसटीत कंडक्टर आहेत, तुला घाई नाही." आणि खरंच मला घाई नव्हती. आमच्याकडे पगार होता, घर होतं, लग्नाची कुणी घाई करत नव्हतं. मला नोकरीची गरज नव्हती. मला फक्त एकदा तिच्या पुढे जायचं होतं. जे काही मला येत होतं ते तिने शिकवलेलं होतं, आणि कुणी माझं कौतुक केलं की ती शेजारी उभी राहून माझ्या आईसारखी हसायची. त्या हसण्याची मला चीड यायची. वैऱ्यावर माणूस इतका जळत नसेल.

सर चहाला गेले. पद्मा झाडू धुवायला नळावर गेली. तीन नंबरच्या टेबलाचे स्क्रू आवळायला म्हणून तिचा बारका स्क्रूड्रायव्हर माझ्याकडे होता. मीटरच्या तोंडावर, काचेच्या खाली, तो पितळी स्क्रू. तो थोडा फिरवला की काटा मागे-पुढे सरकतो, हे आम्हाला पुस्तकात होतं. हात लावायची बंदी होती. खाचेत कुंकू सुकून बसलं होतं. मी टोकाने ते कोरून काढलं आणि स्क्रू एक चिमूट फिरवला. कुंकवाच्या मागे काटा दिसेना, म्हणून शेजारच्या टेबलावरचा चांगला मीटर आणून त्याच तारेत ओवला. एका तारेतून जाणारा करंट दोन्ही मीटरला सारखाच असतो. स्विच टाकला. चांगल्याने अडीचच्या वर जरासा दाखवला, तीन नंबरनेही तेवढाच. काळजी संपली. दुसरा मीटर जागेवर ठेवला. वरचा टिळा जसाच्या तसा होता.

बघा, मी काही बिघडवलं नव्हतं. खोटा मीटर खरा केला होता. एवढी वर्षं कणसे सरांना जे जमलं नाही ते मी दोन मिनिटांत केलं. कोर्टात उभी केली असती तरी हेच सांगितलं असतं आणि सुटले असते.

पद्मा नळावरून आली. "झालं गं?" म्हणाली.

"झालं," मी म्हटलं.

तिला सांगायला ती संध्याकाळ होती. दुसऱ्या दिवशी सकाळचा एसटीतला पाऊण तास होता. तिने लाडूचा अर्धा तुकडा दिला तेव्हाही वेळ गेली नव्हती. "विसरू नगंस हं," ती म्हणाली, आणि मी लाडू खाल्ला.

मला पत्र एप्रिलच्या शेवटी आलं. त्याच आठवड्यात तिच्या लग्नाची पत्रिका आली. हळदीचं बोट लावलेली, नवरदेवाचं नाव जाड अक्षरात. अक्षय्यतृतीयेला मी कंपनीत रुजू होत होते, म्हणून गेले नाही. रुजू व्हायची तारीख एक दिवस पुढे मागता आली असती. मागितली नाही. चार वर्षांनी गावी कळलं की ती गेली. चुलीपाशी भाजली म्हणाले. अथणीकडचेच म्हणाले, म्हणजे तिच्या सासरचे.

पण मला आठवते ती परीक्षेच्या दिवसाची परतीची एसटी.

दुपारी मुलांची परीक्षा झाली. पुसलेला मीटर सगळ्यांनी बघितला आणि जो तो अडीच लिहून आला. पद्माने दोघा-तिघांना विचारलं, "सरांनी सांगितलंवतं न्हवं?" एक म्हणाला, "आता कशाला उकरतीस?" तेवढ्यावर मिटलं.

एसटीत आम्ही शेजारी बसलो. दुसरी जागाच नव्हती. ती खिडकीशी, मी बाजूला. मग तिने हात पुढे केला.

"माझा स्क्रूड्रायव्हर दे."

मी पिशवीच्या तळातून काढून दिला. खरं सांगते, मनात काही आलं नाही. डोक्यात कंपनी होती, पगार होता, आईला कसं सांगायचं ते होतं.

तिने तो मांडीवरच्या डब्यात ठेवायला घेतला आणि थांबली. उजेडाकडे धरला. टोकाच्या चपट्या पात्याला दोन्ही अंगांनी कुंकू लागलेलं होतं. सुकलेलं, खाचेतून कोरलेलं. तिने अंगठा त्यावरून फिरवला. अंगठा लाल झाला. अंगठ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग परत टोकाकडे.

"बरं केलंस," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, तळहातावर त्रिकोण काढताना होता तसा. "फुडच्या पोरास्नी तरी खरं दिसंल."

कंडक्टरने तिच्या गावाचं नाव पुकारलं. ती उठली. ओढणीच्या टोकाने तिने ते पातं पुसलं, सावकाश, दोन्ही अंगांनी, काही राहिलं नाही ना हे बघत. मग माझी मूठ उघडून त्यात स्क्रूड्रायव्हर ठेवला आणि माझी बोटं एक-एक करून वरून मिटली.

"ठेव तुलाच," ती म्हणाली. "कंपनीत लागंल."

ती खाली उतरली. तिचे आप्पा स्टँडवर सायकल धरून उभे होते. एसटी हलली तेव्हा त्यांनी काही तरी विचारलेलं मला दिसलं, आणि तिने नकाराची मान हलवलेली दिसली.

मी एकतीस वर्षं कंपनीत मीटर तपासायच्या खात्यात काढली. रोज सकाळचं पहिलं काम ठरलेलं, करंट सोडायच्या आधी काटा शून्यावर आहे का बघायचं आणि नसला तर स्क्रू फिरवून आणायचा. दुसरा स्क्रूड्रायव्हर मी कधी वापरला नाही. स्वेच्छानिवृत्ती घेतली त्या दिवशी पोरांनी विचारलं, "बाई, तो जुना आम्हाला ठेवून जाता का?" मी नाही म्हटलं. खंडेनवमीला घरी पाटावर तो एकटाच मांडते. सून हळदकुंकवाचं ताट पुढे करते तेव्हा सांगते, ह्याला कुंकू लावायचं नाही, नुसतं फूल वाहा. मूठ जराशी झिजली आहे. बाकी हत्यार अजून चांगलं आहे.